बहिरीचा फोन

त्यांच्या घरात पहिला मोबाईल आला तो बहिऱ्या बाईसाठी. ही बातमी जिन्यावरून खाली उतरेपर्यंत अख्खी इमारत पोट धरधरून हसून मोकळी झाली होती.

"बहिरीला फोन! उद्या मांजराला चष्मा आणाल," तळमजल्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता म्हणाला. गिऱ्हाईक हसलं, साबण त्याच्या तोंडात गेला आणि दोघांची जुंपली. बहिरीच्या मुलीनं ते सगळं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून ती वर निघून गेली. त्या घरात ऐकायचं खातं लहानपणापासून तिच्याकडेच होतं. काय पुढे पोचवायचं आणि काय जिन्यातच टाकून यायचं, हे तिला बरोबर कळायचं.

आईला ऐकू येत नव्हतं ते लहानपणी आलेल्या एका तापापासून. तापानं कान नेले आणि मागे चार-दोन शब्द ठेवले, तेही जाडेभरडे, कडा नसलेले. बाकी सगळा कारभार हातांनी. ही हातांची भाषा कुठल्या शाळेतली नव्हती, घरातल्या घरात शिजलेली होती. आई, आईची धाकटी बहीण म्हणजे मावशी, आणि मुलगी, एवढ्या तिघींनाच ती येत होती. त्या भाषेत प्रत्येकाला नाव होतं. मावशी म्हणजे उघडझाप करणारी चिमूट, कारण मावशीचं तोंड फक्त झोपेत बंद असायचं. न्हावी म्हणजे गालावरून फिरवलेली करंगळी. वडील म्हणजे टोपी काढल्याची खूण. ते मुलगी शाळेत असताना गेले, खूण तेवढी मागे राहिली. आणि मुलगी म्हणजे डाव्या गालावर टेकवलेलं एक बोट, तिला खळी पडायची त्या जागी. शाळेच्या दाखल्यावर तिचं वेगळं काहीतरी नाव होतं, पण त्या नावानं आईनं तिला कधी हाक मारली नव्हती.

मुलगी तान्ही असताना शेजारणी तिचं फार कौतुक करायच्या. "कित्ती गुणी बाळ! रडत म्हणून नाही." गुणी कसलं? रडून उपयोग नाही, हे त्या एवढ्याशा जिवाला कधीच कळून चुकलं होतं. आई तिच्या छातीवर हात ठेवून झोपायची, आणि काही हवं असलं की ती आईची बाही धरून ओढायची. मावशी हे सांगताना दर वेळी डोळे पुसायची, आणि पुसून होतात न होतात तोच कुणाची तरी चुगली सुरू करायची.

मुलगी मोठी झाली, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली. छापून आलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांत तिथे घरी जायची वेळ अशी नसायचीच. आणि आई खिडकीत उभी. निरोप द्यायचा कसा? न्हाव्याच्या दुकानात फोन होता, पण न्हावी वर येऊन आईला काय सांगणार, गालावरून करंगळी फिरवणार? एकदा वाट पाहून पाहून आई लॉन्ड्रीतला कामाचा झगा तसाच अंगावर ठेवून चालत कारखान्यावर आली होती. वाटेत कुणाला विचारायची सोय नाही. पाट्या वाचत वाचत आली. दारात मुलगी दिसली तेव्हा तिनं गालावर बोट टेकवलं आणि मग तिथल्या पायरीवर बसून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली.

त्यानंतर मुलीनं फोन घ्यायचा ठरवला.

दुकानदारानं काचेवर पाच-सहा फोन मांडले आणि एकेकाच्या रिंगटोन वाजवून दाखवायला लागला.

"रिंगटोन नकोय हो."

"मग फोन आलेला कळणार कसा, ताई?"

"थरथरतो कुठला जास्त?"

तिनं एकेक फोन तळहातावर घेतला, डोळे मिटले, आणि दुकानदाराला दुसऱ्या फोनवरून लावायला सांगितलं. एक नुसता गुदगुल्या करत होता. एक मधेच दम खात होता. दुकानात मागे उभी असलेली माणसं फोन बघायचं सोडून तिच्याकडे बघायला लागली.

"फोन घेताय की मालिशचं मशीन?" दुकानदार म्हणाला.

तिला सापडला तो सगळ्यांत जाड, सगळ्यांत बोजड आणि दिसायला सगळ्यांत ओबडधोबड. पण वाजला की कोपरापर्यंत कळायचं.

आईनं त्याच संध्याकाळी झग्याला आतून एक खिसा शिवला, डाव्या बाजूला, फासळ्यांच्या खाली, फोन थेट अंगाला लागेल असा. मुलीनं शिकवलं: थरथरलं की हे लाल बटण दाब. मग ती खाली धावली, न्हाव्याच्या दुकानातून नंबर फिरवला. दोनदा वाजला आणि तुटला.

"काय झालं? कट केला?" न्हावी कात्री थांबवून म्हणाला. "अरेरे."

"अरेरे काय, काका? कट झाला म्हणजे लागला!"

ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. आई खोलीच्या मधोमध उभी होती. एक हात फासळ्यांवर, दुसऱ्या हाताचं बोट गालावर. ती हसत होती. आई हसली की आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. मुलगी दारात थांबली, परत खाली पळाली, परत लावला. परत कट. चौथ्या खेपेला न्हाव्यानं तिला दुकानाबाहेर काढलं.

हळूहळू त्या थरथरीची भाषा झाली. एकदा फोन आला म्हणजे निघाले. लागोपाठ दोनदा म्हणजे उशीर होतोय, जेवून घे. तीनदा म्हणजे असशील तशी ये. प्रत्येक खेपेला आईनं लाल बटण दाबायचं, म्हणजे कळलं. कारखान्याचे मालक आधी कटकट करायचे, मग त्यांना या फुकटच्या फोनाफोनीची गंमत वाटायला लागली.

"तुझी आई फोन उचलत का नाही गं कधी?"

"ती कट करते, मालक."

"माझ्या सासूसारखीच की!"

पुढे तिला स्वतःचं बाळ झालं, आणि ते पोटाशी झोपलेलं असताना, दुपारच्या त्या उसन्या घटकेत, तिला हे सगळं आठवायचं तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात यायची. जगात बाकी सगळ्यांना फोन कापला की अपमान वाटायचा. तिला मात्र तो कापला जायचा तो आवाज, ते मधेच तुटणं, पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. लग्न झाल्यावर एकदा तिनं नवऱ्याला फोन केला. तो वायरमन, शिडीवर चढलेला, हातात उघडी वायर. त्यानं फोन कापला. संध्याकाळी भांडणाची तयारी करून बिचारा घरी आला, तर ही गुणगुणत कपडे वाळत घालतेय. पुढे तो मित्रांना सांगायचा, "माझी बायको एक नंबर. फोन कापला की खूश होते."

लग्नानंतर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, आणि फोनचं काम वाढलं. मधे नवऱ्यानं हौसेनं सासूला मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला. त्यात एकमेकींचे हात दिसायचे, बोलता यायचं, आणि रविवारी दोघी तासभर हातवारे करत बसायच्या. पण त्या फोनची थरथर आईला पटली नाही. 'डास बसल्यासारखं,' असं तिनं दंडावर दाखवलं. तो राहिला फळीवर, चार्जिंगला. खिशात जुनाच. लाल बटणाचा रंग उडून तिथे पांढरा ठिपका राहिला होता. कोपरे इस्त्रीच्या टेबलावर आपटून आपटून बोथट झाले होते. लॉन्ड्रीतल्या बायका यंत्रांच्या घरघरीत एकमेकींच्या कानाशी जाऊन किंचाळायच्या. त्या खोलीत सगळ्याच बहिऱ्या, आईला तेवढी सवय होती. ती वाफेच्या इस्त्रीखाली चादरी सरकवत असायची, आणि मधेच तिचा डावा हात फासळ्यांकडे जायचा. "आला गं लेकीचा," बायका म्हणायच्या.

लागोपाठ तीनदा वाजवायची पाळी एकदाच आली. कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा कामावर, घरात कुणी नाही. तिनं तीनदा लावला. तिन्ही वेळा कट झाला, तिसरा तर वाजायच्या आधीच तुटल्यासारखा. आई आली ती झग्यासकट, केसांत वाफेचं पाणी, धापा टाकत. तिनं मुलीच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला जिन्यावरून उतरवलं, आणि दवाखान्यात आत जाईपर्यंत तिचं बोट काही मुलीच्या गालावरून निघालं नाही.

मुलगी झाली. छकुली. ही पोरगी मात्र रडायची, छप्पर उडेल अशी. आई तिच्या तोंडाकडे बघत बसायची, ते उघडलेलं तोंड, लालबुंद झालेली टाळू. मग तिच्या छातीवर हात ठेवून ते रडणं हातानं ऐकायची आणि मान डोलवायची, एखादं गाणं ऐकल्यासारखी. "रड बाई रड," मावशी म्हणायची, "तुझ्या आईच्या वाटचंही रडून घे. तुझं ऐकायला माणूस आहे."

छकुली तीन-चार महिन्यांची असेल, आई एका रविवारी आली आणि फोन हातावर ठेवून मान वाकडी करून दाखवली. मेला.

गेले काही दिवस मुलीचंही तेच म्हणणं होतं. वाजतो, पण तुटत नाही. म्हणजे आईला कळत नाही. मग तीच चिडून बंद करायची. इतक्या वर्षांचं जुनं यंत्र, बिघडणारच. ती दुसऱ्या दिवशी छकुलीला कडेवर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्यानं फोन उघडला, फुंकर मारली, मिटला, काचेवर ठेवला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. फोन काचेवर उताणा पडलेल्या भुंग्यासारखा गरागरा फिरत कडेपर्यंत गेला. त्यानं हात लावून थोपवला.

"ताई, याला काय धाड भरलीय? माझ्या पोराच्या नव्या फोनपेक्षा जोरात नाचतोय हा."

तिनं तो आणून आईच्या तळहातावर ठेवला, उजव्या. लावला. आईचे डोळे मोठे झाले, खांदे हलले. बरा झाला! दोघी हसल्या. आईनं तो परत खिशात टाकला, डाव्या बाजूला. मुलीला आईच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा एक डाग दिसला, इस्त्रीच्या कडेचा, ताजा आणि चांगला खोल. 'हे काय?' आईनं मनगट उलटसुलट करून बघितलं. तिलाच नवल वाटल्यासारखं दिसलं. 'जपून काम कर,' मुलीनं सांगितलं, हातावर हात मारून, जरा रागानंच. तेवढ्यात छकुली रडायला लागली आणि ती तिला पाजायला बसली.

त्याच आठवड्यात आई लॉन्ड्रीत चादरींच्या ढिगावर कोसळली. बायकांना आधी वाटलं, दमून टेकलीय.

"याआधी काही लक्षात आलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तरुण होत्या, दमलेल्या होत्या, पण चांगल्या वागत होत्या. "एखादी बाजू बधिर होणं? भाजलं, लागलं तरी न कळणं? पक्षाघाताच्या पेशंटना आधी थोडीफार सूचना मिळालेली असते."

मुलगी पलंगावरच्या त्या डाव्या मनगटाकडे बघत उभी राहिली. भाजल्याच्या डागावर आता नर्सनं औषध लावून पट्टी केली होती. मावशी शेजारी उभी होती, आणि जन्मात पहिल्यांदा मावशीच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

फोन बिघडला नव्हता.

हे तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. मावशीला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. काय सांगणार? आई बिघडली होती आणि मी फोन दुरुस्तीला नेला?

"बोलत राहा त्यांच्याशी," डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या. "शुद्ध नसली तरी ऐकू येत असतं पुष्कळदा."

"आयुष्यभर आलं नाही, बाई," मावशी म्हणाली, "आता येणार होय?" आणि मग तोंडावर हात दाबून बाहेर निघून गेली.

डोळे मिटलेले, म्हणजे हातांची भाषा संपली. कान तर कधी नव्हतेच. आई त्या पलंगावर अशा ठिकाणी पडली होती की तिथे जायला एकच वाट उरली होती, कातड्याची. मुलगी भेटीच्या वेळेत जायची, आईचा उजवा हात उचलून त्याचं पहिलं बोट स्वतःच्या गालावर टेकवायची. बोट ऊबदार होतं. सोडलं की घसरून पडायचं. भेटीची वेळ संध्याकाळी तेवढी. एरवी पेशंटजवळ एकच माणूस, आणि तान्ह्या बाळाला आत बंदी. म्हणून दिवसभर मावशी बसायची आणि मुलगी घरी, छकुलीला पाजत, झोपवत, पुन्हा पाजत.

फोनची कल्पना तिचीच. मावशीनं तो आईच्या उजव्या तळहातावर ठेवला, मऊ पट्टीनं सैलसर बांधला, आणि अंगठा उचलून त्या पांढऱ्या ठिपक्यावर नेऊन ठेवला. "पोचतंय का, देव जाणे," ती म्हणाली. "पण लाव तू."

ती लावायची. एकदा वाजू द्यायची, फार तर दोनदा, आणि स्वतःच बंद करायची. पूर्ण वाजू द्यायचा धीर तिला झाला नाही. आपण बंद केला की कुणी उत्तर दिलं नाही असं होत नाही, असा एक वेडा हिशोब तिच्या डोक्यात बसला होता. उत्तर येणारच होतं, मीच घाई केली. दिवसातून किती वेळा ते तिलाच ठाऊक नव्हतं. छकुली दूध पिता पिता तिच्या दुसऱ्या हातातल्या फोनकडे टकमका बघायची.

आणि एका दुपारी, तिनं बंद करायच्या आधीच, तो तुटला.

तिनं फोन कानापासून काढून बघितला. परत कानाला लावला. छकुलीचं तोंड सुटलं होतं, दूध गालावरून कानात ओघळत होतं, तिला भान नव्हतं. तिनं पुन्हा लावला. दोनदा वाजला आणि कट.

"कळलं तिला," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत छकुलीशिवाय कुणी नव्हतं. "छकुले, आजीला कळलं गं!"

नवऱ्याला फोन केला तेव्हा तिला नीट बोलता येईना. "काय झालं? अगं, रडतेस का हसतेस?" तो घाबरून विचारत होता. "कट केला," ती म्हणाली, "आईनं कट केला," आणि त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं छकुलीला समोरच्या वहिनींच्या मांडीत टाकलं. वहिनी म्हणाल्या, "अगं, केस तरी विंचर." तेवढाही दम नव्हता. दाराबाहेर पाऊल टाकताना तिनं आणखी एकदा लावला, एकदाच. निघाले. आणि तोही कट झाला.

बसमध्ये ती उभीच राहिली, जागा होती तरी. आजूबाजूच्या माणसांच्या फोनवर फोन येत होते, कुणी ओरडून बोलत होतं, कुणी वैतागून कापत होतं. त्या कापणाऱ्या माणसांकडे ती इतक्या प्रेमानं बघत होती की एकानं तोंड फिरवलं. घरी नेल्यावर काय काय करायचं ते तिनं वाटेतच ठरवून टाकलं. आईला आपल्याकडेच ठेवायचं. झग्याला खिसा उजव्या बाजूला शिवायचा. ही एवढीशी गोष्ट, खिसा उजव्या बाजूला, तिला इतकी सोपी वाटली की हसू आलं.

वॉर्डाच्या दारात रखवालदारानं अडवलं. "वेळ झाली नाही, ताई."

"एकदाच बघून येते, दादा. माझी आई शुद्धीवर आलीय."

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाला.

आई काल होती तशीच होती. डोळे मिटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, नाकात नळी. पट्टी सोडवलेली होती आणि फोन उशाशी टेबलावर, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. मावशी नव्हती. शेजारी एक जाडजूड बाई निगुतीनं चादरीचा कोपरा गादीखाली खोचत होती. आज दुपारपासून नवी पाळी लागलेली वॉर्डातली आया.

"तुमचाच का हो फोन येत होता?" ती हळू आवाजात म्हणाली. "यांची बहीण अंघोळीला घरी गेलीय, मला म्हणाली, जरा लक्ष ठेवा. तर हा मेला सारखा घुर्र घुर्र करायला लागला त्यांच्या हातात. म्हटलं, पेशंटला कशाला तरास. मी आपली कट करत होते."

मुलीनं आईच्या मोकळ्या तळहाताला हात लावून बघितला.

"हात पण पुसून घेतले मी त्यांचे," आया म्हणाली. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. "नखं काढली. बघा ना, किती छान हात आहेत. कामाचे आहेत, कळतं लगेच."

"हो," मुलगी म्हणाली. "इस्त्री करते ती."

तिनं फोन उचलून पुन्हा आईच्या उजव्या तळहातावर ठेवला, पट्टी बांधली, अंगठा ठिपक्यावर आणला. तो तिथे राहीना. तिनं परत आणला. मग खाली वाकून आईचं बोट स्वतःच्या गालावर टेकवून धरलं. खळी पडायला हसावं लागतं, म्हणून ती हसली, आणि तशी हसत बराच वेळ उभी राहिली. आयानं पलीकडच्या पलंगाकडे तोंड वळवलं.

"काकू," निघताना मुलगी तिला म्हणाली, "उद्यापण असाच येईल फोन."

"मग उचलू का मी? काही सांगायचंय का त्यांना?"

"नाही. तिला ऐकू येत नाही."

"मग कट करत जाऊ?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ही बाई चांगली होती. म्हटलं असतं तर तिनं रोज, न चुकता, आठवणीनं कट केला असता. आणि रोज दुपारी तिकडे, त्या टोकाच्या घरात, कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं झालं असतं.

"नका करू," ती म्हणाली. "तुम्ही हातच लावू नका. वाजू दे."

घरी आली तेव्हा वहिनींनी छकुलीला तिच्या हातात दिलं. "कशा आहेत आई?" त्यांनी विचारलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून परत विचारलं नाही. नवरा धावत जिना चढून आला, हातात फळांची पिशवी. दारातच थांबला. पिशवी कुठे ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून तो ती धरूनच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी छकुलीला पाजून झालं, झोप लागली. पडदा ओढलेला होता, बादलीत दुपटी भिजत होती. मावशी या वेळी घरी गेलेली असते. तिनं फोन घेतला.

एकदा लावला. आज तिनं बंद केला नाही. वाजत राहिला. त्या टोकाला तो तळहातावर थरथरत असणार, कोपरापर्यंत जाईल असा. तिनं दुकानात डोळे मिटून निवडला होता तो. वाजून वाजून थांबला आणि एका बाईचा स्वच्छ, धुतलेला आवाज आला: आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती उत्तर देत नाही.

निघाले.

पुन्हा लावला. पुन्हा सगळा वाजला. पुन्हा ती बाई.

उशीर होतोय. उशीर झाला, आई.

तिसऱ्यांदा लावताना तिनं दुसरा हात स्वतःच्या फासळ्यांवर दाबून धरला, डाव्या बाजूला. तीनदा म्हणजे असशील तशी ये. झग्यासकट, केसांत वाफेचं पाणी, पाट्या वाचत वाचत. वाजत राहिला. छकुली जागी झाली. रडत नव्हती, बघत होती. मग तिनं हात पुढे केला, तिच्या मुठीत आईची बाही आली, आणि तिनं ती ओढली.

त्या बाईनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

तिनं पुन्हा नंबर लावला. चौथ्या वेळेचा त्यांच्या भाषेत काहीच अर्थ नव्हता.